घरातले विष आणि घरातलाच उतारा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाने वर्षभरातील कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही आपला वेळ मागत आहोत तो रुग्णालयाच्या भिंतीपलीकडच्या एका विषयासाठी. रुग्ण आमच्याकडे काही दिवस असतो आणि आपल्या घरी जन्मभर असतो. आम्ही दिलेले औषध घेऊन तो ज्या स्वयंपाकघरात, ज्या न्हाणीघरात परत जातो, तेथेच जर त्याच्या आजाराचे मूळ असेल, तर आमचे उपचार भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखे ठरतात.

'घरातले विष' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुलूपबंद बाटली येते. प्रत्यक्षात बहुतेक घरगुती विषे उघड्यावर, नित्याच्या वापरात असतात. ती वाईट हेतूने आलेली नसतात. सवयीने, काटकसरीने आणि पुष्कळदा मायेपोटी आलेली असतात. म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते. परंतु एकदा ओळखली की त्यांचा बंदोबस्त फार थोड्या खर्चात होतो, हे आम्ही आज सांगू इच्छितो. त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यात घडलेला आहे.

साठी ओलांडलेल्या मंडळींना कदाचित आठवत असेल, एके काळी आपल्याकडे लहान मुलांचा यकृताचा एक भयंकर विकार होता. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे, बाळसे धरलेले मूल किरकिरे होई, त्याचे पोट फुगू लागे, हाताला यकृत दगडासारखे कठीण लागे, पुढे कावीळ आणि जलोदर होऊन ते दगावत असे. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-दोन, तीन-तीन मुले अशी गेल्याची उदाहरणे होती. १८८७ साली कोलकात्यातील एका डॉक्टरांनी या रोगाची नोंद केली. हा रोग प्रामुख्याने भारतातच आढळत असल्याने वैद्यकीय ग्रंथांत तो 'इंडियन चाइल्डहूड सिरोसिस' या नावानेच ओळखला गेला. कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षे हाती लागले नव्हते. कोणी आनुवंशिकतेकडे बोट दाखवी, कोणी आहाराकडे, तर घरची मंडळी नशिबाकडे.

या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड वाढलेले असते, असे तपासणीत दिसून आले. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने घेतला. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बाळाला फार लवकर सुरू केलेले गाईचे वा म्हशीचे दूध, आणि ते दूध तापवून ठेवण्याचे कल्हई नसलेले पितळी किंवा तांब्याचे भांडे, हा तो मार्ग होता.

दुधातील प्रथिने तांब्याला धरून ठेवतात. दूध अशा भांड्यात तापले आणि तसेच राहिले की त्यात भांड्यातील तांबे उतरते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते. तान्ह्या बाळाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा अधिक असतो आणि तो बाहेर टाकण्याची यंत्रणा अपुरी असते. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला या तांब्याची बाधा होत नसे. ज्याला पहिल्या काही आठवड्यांतच वरचे दूध लागले, त्याच्या यकृतात मात्र रोज थोडे थोडे तांबे साचत जाई. पितळ वापरणाऱ्या सर्वच घरांतील मुले आजारी पडत नव्हती. काही मुलांची प्रकृती याबाबत अधिक नाजूक असावी असे संशोधकांचे मत आहे. परंतु विष येण्याची वाट बंद करणे हे सर्वांसाठी सारखेच उपयोगी होते.

यावरचा उपाय आपण ध्यानात घ्यावा. बाळाला आईचे दूध द्या, आणि वरचे दूध द्यावेच लागले तर ते पितळेऐवजी स्टीलच्या पातेल्यात तापवा, इतकाच तो सल्ला. ज्या कुटुंबांत आधीची मुले या रोगाने दगावली होती, तेथेही नंतरच्या मुलांना वाचवता आले. त्याच सुमारास स्टीलची भांडी घरोघर पोहोचत होती, त्याचाही हातभार लागला. शतकभर मुले नेणारा हा रोग आज इतका दुर्मीळ झाला आहे की, आमच्याकडे शिकायला येणारे तरुण डॉक्टर तो फक्त पुस्तकात वाचतात. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतातही असेच घडले होते. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच विकाराने मरण पावली. तेथेही तांब्याच्या भांड्यांतले दूध हेच कारण निघाले आणि भांडी बदलल्यावर रोग थांबला.

हा इतिहास सांगण्यास आज एक विशेष कारण आहे. रोग विसरला गेला आणि त्याबरोबर त्याचा धडाही. गेल्या काही वर्षांत पितळेची आणि तांब्याची भांडी 'आरोग्यदायी' म्हणून पुन्हा मोठ्या दिमाखाने बाजारात आली आहेत. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. पितळी पातेल्यात भात शिजवायचा तर आतून चांगली कल्हई हवी, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते, हा शब्दच मराठीने त्यासाठी घडवला आहे. म्हणून लोणचे चिनी मातीच्या बरणीत मुरत असे. आजच्या तरुण गृहिणीपर्यंत पितळ पोहोचले, पण 'कळकणे' हा शब्द पोहोचला नाही. तेव्हा आमची विनंती अशी की, बाळाचे दूध पितळेत किंवा तांब्यात तापवू अथवा ठेवू नये. ताक, चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार, लिंबाचे सरबत यांपैकी काहीही कल्हई नसलेल्या भांड्यात वा तांब्याच्या बाटलीत ठेवू नये. आणि कल्हई करून घेताना ती शुद्ध कथलाचीच असावी, त्यात शिसे मिसळलेले नसावे, याची खात्री करून घ्यावी.

शिशाचा उल्लेख आला, म्हणून त्याविषयी सांगतो. शिसे शरीरात किती गेले तरी चालेल अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. गिळलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट अधिक शोषून घेते. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. मूल अभ्यासात मागे पडते, चंचल होते, आणि घरचे त्यालाच बोल लावतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत.

आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. परंतु त्यापूर्वी लावलेला रंग अजूनही अनेक भिंतींवर, दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आहे. दिवाळीपूर्वीच्या रंगरंगोटीत तो कोरडा खरवडला की त्याची धूळ घरभर पसरते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातांवाटे तोंडात जाते. म्हणून जुना रंग पाणी मारून ओला करूनच काढावा, त्या दिवसांत मुलांना व गर्भवतींना दुसरीकडे ठेवावे, आणि नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. घरातील कोणी बॅटरी दुरुस्तीच्या वा भंगाराच्या कामावर असेल, तर त्याने मुलांना जवळ घेण्यापूर्वी कपडे बदलून अंघोळ करावी, आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

स्वयंपाकघरातली हळदही यात येते. बांगलादेशात हळकुंडांना तजेला यावा म्हणून त्यांवर लेड क्रोमेट नावाचे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य चोळले जाते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. तेथील शासनाने बाजारांत जाऊन कारवाई केली, लोकांना सावध केले, आणि २०२१ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांतून ही भेसळ नाहीशी झाली. मनावर घेतले तर किती लवकर सुधारणा होते, याचे हे उदाहरण. अनैसर्गिक चमक असलेली हळकुंडे आपण टाळावीत, आणि सुटी हळद घेण्याऐवजी खात्रीच्या ठिकाणचीच घ्यावी. बाळाच्या डोळ्यांत सुरमा किंवा काजळ घालू नये. काही सुरम्यांत प्रत्यक्ष शिशाचाच खनिज प्रकार असतो. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती बाळाच्या तळपायाला लावावी. तेथून बोट तोंडात जाण्याचा संभव कमी. मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले, तर शिसे कमी शोषले जाते. हिरव्या पालेभाज्या, नाचणी, तीळ आणि दूध यांचे मोल त्यामुळे आणखी वाढते.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. दारे-खिडक्या बंद करून, निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक-शेगडी करण्याची आणि बाळाला ओवा, वेखंड, धूप यांची धुरी देण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे. यामागील माया आम्ही जाणतो. परंतु बंद खोलीत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. नवजात बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना धुराचा त्रास होतो तो निराळाच. ऊब द्यायची असेल तर बाळाला आईच्या छातीशी धरावे, टोपडे-दुपटे घालावे, गरम पाण्याच्या पिशवीने खोलीतील अंथरूण आधी ऊबदार करून घ्यावे. तसेच, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले लंगोट, दुपटी न धुता, ऊन न दाखवता बाळाला वापरू नयेत. रक्तातील विशिष्ट घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होते.

हाच कार्बन मोनॉक्साइड न्हाणीघरात गॅसच्या गिझरमधून येतो. लहान, बंद न्हाणीघरात बसवलेला गिझर काही मिनिटांत तेथील प्राणवायू कमी करतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि कडी काढण्याचेही बळ उरत नाही. महाराष्ट्रात अशा दुर्घटनांच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. एकाच घरातील दोन-तीन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर ती पित्ताची तक्रार समजून स्वस्थ बसू नये. सर्वांनी प्रथम बाहेर मोकळ्या हवेत यावे. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुराविषयी थोडे. स्वयंपाकाच्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख लोक मृत्यू पावले, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही आंघोळीच्या पाण्यासाठी चूल किंवा बंब पेटतोच, आणि त्याचा धूर घरातच फिरतो. शहरातील घरांत ती जागा डास पळवणाऱ्या कॉइलने घेतली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल जळताना हवेत जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून बाहेर पडतात. ज्या घरात कोणी विडीला शिवत नाही, त्या घरातील मूल रात्रभर असा धूर घेत झोपते. यावर मच्छरदाणी हा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. देवापुढची उदबत्ती अवश्य लावावी. खिडकी मात्र उघडी असावी, आणि दम्याचा रुग्ण त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावा.

शेवटी माळा आणि कोठीची खोली. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. त्या विषावर उतारा नाही. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. कोणी दिल्या तरी घेऊ नयेत. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात घालू नयेत. धान्याला कडकडीत ऊन दाखवावे, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, डाळीला एरंडेलाचा हात लावावा, ही आपली जुनी रीतच उत्तम. शेतातील कीटकनाशके घरात, विशेषतः स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नयेत. त्यांचे रिकामे डबे पाणी किंवा तेल भरण्यास वापरू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोकळ्या रानात ज्याने माणसे गेली, ते बंद घरात काय करील, याचा विचार व्हावा. रॉकेल, टर्पेंटाइन, फिनेल कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरू नये. मुलाने रॉकेल प्यायल्यास त्याला उलटी करवू नये. ते फुप्फुसांत उतरते. तसेच रुग्णालयात आणावे, आणि येताना बाटलीही आणावी.

ही यादी ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. घरातील प्रत्येक वस्तू फेकून महागड्या 'शुद्ध' वस्तू आणाव्यात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शरीरातील विषे काढण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांची आणि काढ्यांचीही आम्ही शिफारस करीत नाही. निरोगी यकृत आणि मूत्रपिंडे ते काम मोफत करतात. आम्ही सांगितलेल्या बहुतेक गोष्टींस पैसे लागत नाहीत. एक भांडे बदलणे, एक खिडकी उघडणे, एक बाटली वेगळी ठेवणे, एवढाच प्रश्न आहे. एक विनंती विशेषत्वाने घरातील पुरुषांना करतो. मुलाच्या आजाराचा दोष त्याच्या आईच्या माथी मारू नये. गिझर कोठे बसवायचा, कोणता रंग आणायचा, कीटकनाशक कोठे ठेवायचे, हे निर्णय बहुधा पुरुषच घेतात. तेव्हा ही जबाबदारी साऱ्या घराची आहे.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आमच्या बाह्यरुग्ण विभागात यापुढे प्रत्येक बालरुग्णाच्या आणि गर्भवतीच्या कागदावर पाच प्रश्न नोंदवले जातील. बाळाचे दूध कोणत्या भांड्यात तापते? घरात धूर कशाकशाचा होतो? पाणी तापवण्याची सोय कोठे आहे? कीटकनाशके आणि रॉकेल कोठे ठेवता? घरातील कोणी शिसे, रंग वा बॅटरीच्या कामावर आहे काय? या प्रश्नांना तीन मिनिटे लागतात. पुण्यातील डॉक्टरांनी एके काळी विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. त्यांनी मुलाची नाडी पाहिली आणि शिवाय त्याच्या घरच्या भांड्यांची चौकशी केली.

देणगीदारांपाशी आमचे मागणे या वेळी मोठ्या यंत्रासाठी नाही. गरीब मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी, पाऱ्याच्या तापमापकांऐवजी अंकदर्शक तापमापक, प्रसूती होऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक गरजू मातेला एक मच्छरदाणी आणि दुधासाठी स्टीलचे एक लहान पातेले, एवढ्यासाठी निधी हवा आहे. पारा हा सर्वांनाच घातक असल्याने त्याचा वापर कमी करणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला, आणि २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली. घरांना उपदेश करणाऱ्या रुग्णालयाने स्वतःच्या कपाटापासून सुरुवात करावी, हे उचित होय.

स्टीलच्या पातेल्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते, तसे कोणास हवे असल्यास आम्ही कोरून देऊ. परंतु ते पातेले ज्या घरी जाईल, तेथे काय घडले नाही, हे कोणत्याच नोंदवहीत दिसणार नाही. टळलेला आजार आकड्यांत मांडता येत नाही. पाच प्रश्नांची किती उत्तरे मिळाली आणि किती घरांनी काय बदलले, एवढे मात्र मोजता येते. तो हिशेब पुढील वर्षीच्या अहवालात आम्ही आपणांसमोर ठेवू.